एफीनं गिळलेला शब्द

एफी लिडलनं लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याला पाठुंगळी घेतलं. त्यात नवल काही नाही, आमच्या गावात सगळ्याच बायका घेत. गावाला धक्का नव्हता, होड्या उथळ पाण्यात उभ्या असत, आणि ज्याला दिवसभर समुद्रावर राहायचं त्या माणसाचे पाय पहाटेच भिजून कसं चालेल? बायको कमरेपर्यंत भिजली तर काय झालं, ती घरी जाऊन चुलीपाशी बसते, असं पुरुष म्हणत. ती घरी जाऊन शिंपले फोडायला आणि शेकडो गळांना आमिष लावायला बसते, हे त्यांना कोण सांगणार?

एफीचा नवरा अ‍ॅडम हाडापेरानं दांडगा. ती पाण्यात उतरता उतरता कुरकुरे, "तुला उचलण्यापेक्षा होडीच इकडे उचलून आणते."

"आण की! मग मी तुझ्या पाठीवर बसूनच मासे धरीन."

वाळूवर मात्र बोलणं जपून. समुद्राला निघालेल्या माणसासमोर पाद्र्याचं नाव काढायचं नाही, सशाचं नाही, आणि डुकराचं तर मुळीच नाही. एखाद्याच्या तोंडून निसटलंच, तर सगळे "थंड लोखंड!" म्हणत जवळच्या खिळ्याला हात लावत. पण बायकोच्या पाठीवर बसलेल्या माणसाच्या कानावर तो शब्द पडला, तर लोखंडही कामाला येत नसे. नाट लागली म्हणजे लागली. त्याची होडी त्या दिवशी जातच नसे.

एफीच्या जिभेला हाड नव्हतं. १८८१ सालच्या मार्चात अ‍ॅडमला नेता नेता ती शेजारणीला, नॅन्सला म्हणाली, "ऐकलंस का, वरच्या शेतावरच्या डुकरिणीला पिल्लं झाली."

झालं! होडीवरचे सगळे जण मुकाट उतरले आणि घरी गेले. त्यात होडीचा मालक जेमी, अ‍ॅडमचा थोरला भाऊ. संध्याकाळी बाकीच्या होड्या हॅडक माशांनी काठोकाठ भरून आल्या. मग काय विचारता! विहिरीवर बायका विचारत, "काय गं एफी, आज जेवायला काय? त्याचंच का?" जेमीनं भावजयीशी बोलणं टाकलं. अ‍ॅडमही आठवडाभर घुम्यासारखा राहिला. शेवटी एफीनं चुलीपुढे बसून शपथ घेतली, "पुन्हा वाळूवर तोंड उघडलं, तर ही जीभ तूच काप." तेव्हा कुठे तो हसला.

ऑक्टोबर उजाडला आणि वारं असं सुटलं, की आठवडाभर एकही होडी हलली नाही. गळांवरचं आमिष कुजलं, पुन्हा लावलं, तेही कुजलं. शुक्रवारी सकाळी बघावं तर समुद्र ताटातल्या दुधासारखा. ऊन चकचकीत. पण किनाऱ्यावरच्या चौकीच्या भिंतीवर वादळाची आगाऊ खूण देणाऱ्या नळीतला पारा इतका खाली गेला होता, की म्हातारे नळीवर टिचक्या मारून पाहत होते. एक होडी निघाली, आणि मग मागे राहून भित्रा कोण म्हणवून घेणार?

एफीनं अ‍ॅडमला पाठीवर घेतलं. धुराड्यांचा धूर सरळ वर चालला होता. समुद्रावर एक पाखरू नव्हतं. सगळी नांगरलेल्या शेतात जाऊन बसली होती. वादळाआधीच पाखरं अशी पळतात, हे तिला ठाऊक होतं. तो शब्द ओठांवर आला. ती पाण्यात मध्येच थांबली.

"काय गं?" अ‍ॅडम वरून म्हणाला.

"काही नाही."

"तोंड सांभाळ हं, बाई. जेमी बघतोय."

जेमी खरंच बघत होता. एफीनं शब्द गिळला, अ‍ॅडमला होडीच्या काठावर बसवलं आणि मागे न बघता परतली. निरोप घ्यायची आमच्याकडे रीत नाही.

दुपारी आभाळ काळं झालं आणि वारा भिंत कोसळावी तसा आला. सगळा गाव वाळूवर धावला. जेमीची होडी खडकांच्या तोंडाशी येऊन पोचली होती. माणसं ओळखू येत होती. सुकाणूपाशी अ‍ॅडम होता. एफी गळ्याएवढ्या पाण्यात शिरली आणि जिवाच्या आकांतानं ओरडू लागली, "डुक्कर! डुक्कर! अरे, डुक्कर!" नॅन्सनं तिला केसांना धरून मागे ओढलं. लोखंडाला हात लावायचं कुणाला सुचलं नाही. होडी डोळ्यादेखत उलटली.

त्या एका दिवसात आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्या बुडाल्या, घरटी एक तरी बाई रडत होती. एफीला कुणी बोल लावला नाही. लावणार कसा, तिनं शब्द गिळला हे कुणाला ठाऊकच नव्हतं. तिनं फक्त नॅन्सला सांगितलं.

नॅन्स म्हणाली, "वेडी आहेस. बोलली असतीस तरी एकच होडी थांबली असती. बाकीच्या गेल्याच असत्या."

"मला एकच हवी होती," एफी म्हणाली.

पुढे ती म्हातारी झाली, तरी आभाळाचं लक्षण ठीक नसलं की पहाटे वाळूवर येऊन उभी राही. पुरुष तिला बघून शिव्या हासडत. एकदा नॅन्सची नवी सून नवऱ्याला पाठीवर घेऊन निघाली आणि पाण्यात मध्येच थांबली. वर बसलेल्याला तिचं तोंड दिसत नव्हतं. एफीला दिसलं. पोरीचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता.

"डुक्कर," एफी मोठ्यानं म्हणाली.

"जीभ झडो तुझी, म्हातारे!" नवरा ओरडला. "फिरव गं मागे, लागली नाट!"

"झडोच मेलीची!" सून त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली, आणि मागे फिरली. एफीच्या जवळून जाताना तिनं ओल्या हातानं तिचा हात क्षणभर घट्ट दाबला.

त्या दिवशी वादळ आलंच नाही. समुद्र संध्याकाळपर्यंत गप्प होता, आणि गावानं एफीला पोटभर शिव्या घातल्या. ती मात्र तो पोरगा बायकोच्या पाठीवरून कोरड्या वाळूत उतरेपर्यंत तिथंच उभी राहिली, आणि मग रिकाम्या पाठीनं घरी गेली.