खाटेखालची झोळी

पाळणाघराच्या दारातच मी खोटं बोलले. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. लखनौला इंदिरा नगरमधल्या आमच्या कॉलनीतल्या नोकरदार बायकांनी मिळून कम्युनिटी हॉलच्या मागच्या खोलीत ते पाळणाघर काढलं होतं. मुलं सांभाळायला कॉलनीतल्याच एक साठीच्या, धिप्पाड बाई होत्या. लहानथोर सगळे त्यांना अम्मा म्हणत. प्रवेशाच्या दिवशी त्यांनी विचारलं, बिटिया दुपारी झोपते कशी? मी छातीठोकपणे सांगितलं, गादीवर, आपली आपण.

कसली आपली आपण! अडीच वर्षांची घोडी झाली तरी आमची लेक झोळीशिवाय डोळा मिटत नव्हती. सासूबाईंनी अकोल्याहून आपलं जुनं नऊवारी लुगडं पाठवलं होतं. त्याची झोळी घरात छताच्या कडीला टांगलेली असायची आणि दाराची बेल वाजली की मी ती काढून, गुंडाळून कपाटावर टाकायची. कारण समोरच्या घरातल्या बाईंनी एकदा ती पाहून विचारलं होतं, तुमच्याकडे पलंग नाही का? ते मला असं झोंबलं होतं की विचारू नका. बँकेतली अधिकारी ना मी!

मग व्हायचं तेच झालं. पहिल्या दुपारपासून हिचा भोंगा सुरू. हिच्या पायी बाकीची दहाबारा पोरंही जागी. आठवडाभर सगळ्यांनी सोसलं. मग पाळणाघर चालवणाऱ्या बायकांनी मला बोलावून सांगितलं, येत्या शनिवारपर्यंत बघू, नाहीतर तुम्ही दुसरी सोय करा. दुसरी सोय कुठली, कपाळ? नवरा रोज कानपूरला जाऊन-येऊन करणारा, सासर-माहेर दोन्ही विदर्भात, माझी रजा संपलेली. म्हणजे नोकरी सोडायची. मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला, नवऱ्यालाही सांगितलं नाही. रुमाल काढताना त्या कागदाला हात लागला की मी पर्स पटकन बंद करायची.

शुक्रवारी घ्यायला गेले तर लेक अम्मांच्या खांद्यावर हुंदके देत होती. अम्मांचा चेहरा उतरलेला. म्हणाल्या, गादी बदलून पाहिली, जागा बदलून पाहिली, थोपटून थोपटून हात भरून आले. घरी तुम्ही नेमकं करता तरी काय? मला रडूच फुटलं. झोळी, समोरच्या बाई, पलंग, पर्समधला राजीनामा, सगळं भडाभडा बोलून मोकळी झाले. आता त्या माझी चांगली खरडपट्टी काढणार, अशी माझी खात्री होती. काढली असती तरी मी निमूट ऐकून घेतली असती.

अम्मांनी पदराने लेकीचं नाक पुसलं. मग म्हणाल्या, "बच्चे की आदत में कैसी शरम? कल साड़ी ले आइए."

शनिवारी सकाळी लुगडं त्यांच्या हातात दिलं आणि बँकेत गेले. त्या दिवशी व्हाउचरवर सह्या करताना मी दोनदा चुकले. शनिवारचा अर्धा दिवस संपल्याबरोबर सुटले ती रिक्षावाल्याला भैया जल्दी, भैया जल्दी करत. ऊन असं की डोळे उघडवेनात. पाळणाघरापाशी उतरले, कान टवकारले. रडण्याचा आवाज नव्हता. ते ऐकून उलट जास्तच घाबरले.

आत खोलीच्या मधोमध अम्मांच्या घरची खाट. छताला कडी नव्हती, म्हणून त्यांनी खाटेवरून लुगडं गुंडाळून खाली झोळी सोडली होती. त्यांची चारही मुलं अशीच खाटेखाली झोपून मोठी झाली, हे मला त्या दिवशी कळलं. आणि मी वेडी इतके दिवस त्यांच्यापासूनच लपवत बसले होते!

पण झोळीत माझी लेक नव्हती. तिथे समोरच्या बाईंचा मुलगा पेंगुळला होता, तोच पलंगवालीचा. लेक फरशीवर मांडी घालून लुगड्याचं टोक ओढत त्याला झोके देत होती. तास-दीड तास झोपून आत्ताच उठली, असं अम्मांनी खुणेने सांगितलं. मी दोन्ही हात पसरून पुढे झाले. लेकीने ओठांवर बोट ठेवलं.

"मम्मी, शोर मत करो. तुम बैंक जाओ."

बँक तर कधीच बंद झाली होती. मी बाहेर पायरीवर सावलीत बसले, पर्समधून राजीनामा काढला आणि ते बाळ झोपेपर्यंत त्याच कागदाने वारा घेत राहिले.