खिळ्यावरची किल्ली

प्रेमिलाबाई भित्र्या आहेत, असं मी पाच वर्षं सगळ्यांना हसून सांगत आलो. लकडगंजकडच्या एका वीज उपकेंद्रात त्या लाइन चालू-बंद करतात. मी त्यांचा साहेब. स्विच लावण्याआधी त्या ओठ हलवत तीनदा त्यावरची पाटी वाचतात.

त्यांनी एक पद्धत पाडली होती. खांबावर चढणाऱ्याने जाताना आपल्या घराची किल्ली त्यांच्या टेबलामागच्या खिळ्याला अडकवायची आणि काम संपल्यावर स्वतः येऊन न्यायची. तोवर लाइन बंद. नियमांच्या पुस्तकात हे कुठेच नाही, म्हणून मी चेष्टा करायचो.

मे महिन्यात भर दुपारी तार तुटली. गिरिधर किल्ली अडकवून गेला. तासाभरात माझं डोकं फिरलं. व्यापारी ओरडत होते, एका दवाखान्याचं जनरेटर बंद पडत आलं होतं, वरिष्ठांचे फोन थांबेनात. तेवढ्यात गिरिधरचा जोडीदार प्रेमानंद फोनवर म्हणाला, "झालं काम, साहेब." मी धावतच उपकेंद्रात शिरलो.

"लावा लाइन!"

"किल्ली हाये अजून, साहेब."

"प्रेमानंदने कळवलंय ना!"

"थो खाली उभा राहते. चढला गिरिधर. त्याले येऊ द्या."

"तिकडे पेशंट मरेल, बाई!"

"माहीत हाये मले," त्या रडायलाच लागल्या. "मले लय भेव लागून राहिलं. पण मी नाही लावत."

मग मीच स्विचकडे हात नेला. त्यांनी किल्ली मुठीत घेतली आणि आडव्या उभ्या राहिल्या. त्यांचे दात वाजत होते. एका बाईला ढकलायचं तेवढं मी बाकी ठेवलं.

अकरा मिनिटांनी गिरिधर आला, घामाने निथळत.

"प्रेमानंद गाडीकडे गेला, अन् मले बाजूच्या खांबावरची तार धरणारी चिनी मातीची चिमणी तडकेल दिसली, तं तिथंबी चढलो. फोन गाडीतच राहिला. आत्ता उतरलो."

खांब त्याच लाइनचा होता. दवाखाना कसाबसा तगला, हे मागाहून कळलं.

गिरिधरने हात पुढे केला, पण प्रेमिलाबाईंची मूठ उघडेना. त्याने एकेक बोट सोडवलं. किल्लीचे दाते तळहातात रुतले होते.

त्यांनी डोळे पुसले, ओठ हलवत पाटी वाचली. "आता लावू, साहेब?"

मी आधी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. मी गिरिधरचं मनगट धरून ठेवलं होतं.