रोज सांगेन म्हणाले होते

तुरीच्या हिरव्या शेंगा मिठात उकडल्याचा वास आला की मला दिग्रसचं अंगण दिसतं. साठ सालानंतरचा एक हिवाळा होता, यजमान तिथल्या चर्चचे पाळक होते, आणि सरकी काढायच्या जिनातून उडालेला कापूस वाळत घातलेल्या लुगड्यांना चिकटायचा. जिनात कामाला जाणारी शेजारीण एकदा म्हणाली, "बाई, पोरीची पयली खेप हाय, देवाले सांगजा." "रोज सांगेन," मी म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत विसरले; घरातली प्रार्थना यजमान करत, मी आमेनपुरती. महिन्याभरानं ती शेंगांची टोपली घेऊन दारात आली. "नातू झाला! तुमच्या देवानं आयकलं." शेंगांची वाफ तोंडावर येत होती आणि मला टोपली धरवेना. "मी प्रार्थना केलीच नाही हो," मी कशीबशी बोलले. "असं काहून केलं, बाई? तुमी देवाजवळ बसता म्हून तर मी बिनघोर झोपत होती." टोपली उंबऱ्यावर ठेवून ती गेली. आत जाऊन मी गुडघे टेकले, पण उपकार मानायलाही तोंड उघडेना. आता कुणी प्रार्थना करायला सांगितलं, तर मी 'करीन' म्हणत नाही. उभ्या उभ्या, त्यांच्यासमोरच डोळे मिटते.