मी रंगवलेली जपानी पाटी

मी चौथीपर्यंत शिकलो, पण अक्षराच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. चाळीस वर्षं मिरजेत पाट्या रंगवल्या. मराठी, कानडी, उर्दू, इंग्रजी. त्यातली मराठी सोडली तर एकही मला धड वाचता येत नव्हती. गिऱ्हाईक कागदावर लिहून देई, मी तसंच्या तसं पत्र्यावर उतरवी. एका हकिमाच्या दवाखान्याची उर्दू पाटी बघून एक मौलवी टांग्यातून खाली उतरून आले आणि विचारलं, कुठं शिकलात? मी म्हटलं, यातलं एक अक्षर मला येत नाही. त्यांना ते खरं वाटेना. वाचता न येणं हा माझ्या धंद्यात अवगुण नव्हताच. वाचणारा माणूस अर्थाकडे बघतो आणि वेलांटी चुकवतो. मी फक्त आकार बघायचो.

बायको गेल्यावर मुलगा मला हॅम्बर्गला घेऊन आला. तो विमानाच्या कामात आहे. सूनबाई पुण्यात जर्मन आणि जपानी दोन्ही शिकलेली. इथल्या एका कंपनीच्या मशीनची माहितीपुस्तकं ती जपानीत लिहिते. आठवड्यातून दोन दिवस घरून काम, बाकीचे दिवस ऑफिस. घरी असली की मी तिच्या खोलीत जाऊन मागं उभा राहायचो. दुसरं करणार काय, बाहेर सारखा पाऊस.

पहिल्यांदा तिचा कॉम्प्युटर बघितला तेव्हा मी चकित झालो. अक्षरं उभी उतरत होती, पागोळ्यांसारखी.

"हे उभं का?"

"जपानी असंच लिहितात, बाबा. वरून खाली, आणि ओळी उजवीकडून डावीकडे. साध्या एडिटरमध्ये नीट जमत नाही. हा खास जपानीसाठी केलेला आहे."

ती इंग्रजी बटणं दाबायची, त्याचा उच्चार पडद्यावर उमटायचा, मग चिन्हांची एक यादी खाली यायची, त्यातलं एक ती निवडायची. अवघड चिन्हाच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत त्याचा उच्चार. कोपऱ्यात आकडा असे, चारशे चौकोनांचे किती कागद भरले त्याचा. तिकडं लिहिणारे तसेच मोजतात म्हणे. आणि डावीकडे एक पट्टी, तिच्यात नुसते मथळे, काही बाहेर, काही थोडे आत सरकवलेले. मथळ्याच्या कडेला बारीक त्रिकोण. तिनं त्रिकोण दाबला आणि उजवीकडचं पानभर लिखाण नाहीसं झालं.

मी पडद्याजवळ वाकलो. "गेलं?"

"गेलं नाही, मिटलं. पुस्तक मोठं झालं की डोक्यात मावत नाही. मग सगळं मिटून फक्त मथळे बघायचे. एखादा मथळा उचलून वर नेला की त्याच्या पोटातलं सगळं त्याच्याबरोबर जातं."

"म्हणजे घरातल्या कर्त्या माणसासारखं."

"हो, तसंच काहीसं," ती म्हणाली, आणि पुन्हा टाइप करू लागली.

तिची कॉलेजातली मैत्रीण शनिवारी जेवायला येणार होती. पुण्यात दोघी एकाच वर्गात जपानी शिकलेल्या. माझ्या मनात आलं, हॉलची भिंत मोकळी आहे, सूनबाईला काहीतरी हातानं करून द्यावं, आणि मैत्रिणीलाही कळू दे की हिचा सासरा कोण आहे. सोमवारी सूनबाई ऑफिसला जाताना घाईत कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून गेली. पट्टीत एका मोठ्या मथळ्याखाली पाच मथळे आत सरकवलेले, एकाखाली एक, सुरेख. सगळे मिटलेले. मला वाटलं, मशीनच्या पुस्तकातली प्रकरणं. मी पेन्सिलीनं ते पाच मथळे कागदावर उतरवले, प्रत्येक रेघ मोजून. चोरून केलं नाही. तिनंच मला ते सगळं दाखवलं होतं.

बाउमार्क्टमधून, म्हणजे इथल्या घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून, फळी आणि काळा ऑइलपेंट आणला. ब्रश माझे मिरजेचे. पट्टीत ते मथळे आडवे होते, मी फळीवर उभे घेतले, त्यांच्या रीतीप्रमाणे, उजवीकडून डावीकडे. माझ्या खोलीच्या बाल्कनीत काम केलं, तिकडं सूनबाई येत नाही. या हवेत रंग वाळायला चार दिवस लागले. शनिवारी सकाळी सूनबाई स्वयंपाकघरात असताना फळी भिंतीवर चढवली.

मुलगा म्हणाला, "बाबा, सुपर. कुठून शिकलात?" त्यालाही जपानी येत नाही.

मैत्रीण आली, बूट काढले, ओली छत्री कुठं ठेवू विचारत वर बघितलं आणि थांबली. छत्रीतून पाणी लादीवर ठिबकत राहिलं.

"काका, हे तुम्ही काढलं?"

"वाच. मोठ्यानं वाच. एक जरी रेघ चुकली असेल तर सांग."

"नाही, चूक काही नाही." ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. "छान आहे. हे... ऋतूंवर आहे. पहिली ओळ वसंत. मग पाऊस."

मी चार इयत्ता शिकलो असेन, पण आंधळा नाही. "पाचही ओळींच्या डोक्यावर तीच दोन चिन्हं आहेत. मी पाच वेळा काढलीत. वसंताच्या आणि पावसाच्या डोक्यावर एकच टोपी कशी?"

मुलगा म्हणाला, "बरं, जेवायला बसूया का आधी?"

"त्या दोन चिन्हांचा अर्थ काय ते सांगू दे तिला."

"सासरे," मागून सूनबाई म्हणाली. तिच्या हातात पुऱ्यांचं ताट होतं. ते तिनं टेबलावर ठेवलं, हात पदराला पुसावेत तसे जीन्सला पुसले आणि फळीसमोर येऊन उभी राहिली. "मीच वाचते. सासरे दार वाजवत नाहीत. सासरे मला नावानं हाक मारत नाहीत. सासरे पाहुण्यांना माझ्या स्वयंपाकातल्या चुका समजावून सांगतात. सासरे घरी असतात म्हणून मी स्टेशनवर बसते." शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. "सासऱ्यांचा हात."

चाळीस वर्षांत माझ्या हातून चुकीची पाटी बाहेर गेली नाही. हीसुद्धा चुकीची नव्हती.

मुलगा म्हणाला, "स्टेशनवर? ट्रेन लेट असते म्हणतेस ना तू?"

"ट्रेन वेळेवर असते."

मी म्हटलं, "मग मला सांगायचं होतं तोंडावर."

"सांगायचं नव्हतं म्हणून तर जपानीत लिहिलं, बाबा. या घरात ते कोणाला येत नाही. तेवढा एकच आडोसा होता मला. तो तुम्ही हॉलमध्ये टांगलात."

मैत्रीण हळूच म्हणाली, "मी येऊ का नंतर कधी?" सूनबाई म्हणाली, "बस. पुऱ्या गार होतील." आम्ही चौघं जेवलो. फळी समोरच होती. बटाट्याच्या भाजीत मीठ कमी होतं. मी ते बोललो नाही, आणि न बोलायला किती जोर लागतो ते मला वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी कळलं.

मैत्रीण गेल्यावर मी फळी उतरवली. मग सूनबाईला म्हटलं, "तुझ्या त्या त्रिकोणांच्या आत काय आहे ते मला ऐकायचंय."

"हट्ट करू नका."

"हट्ट तर करणारच. नुसत्या मथळ्यावरून माझा निकाल लावायचा का? आत माझं काय काय लिहिलंयस ते कळू दे."

तिनं मुलाकडे बघितलं. तो खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता. तिनं कॉम्प्युटर आणून टेबलावर ठेवला. "एकच उघडीन. कुठला?"

'सासऱ्यांचा हात' माझ्या मनात होता. तिथं बहुतेक माझ्या अक्षरं काढणाऱ्या हाताबद्दल बरं काही असावं, असं वाटत होतं. पण बरं ऐकायला स्वतः मागायचं, हे माझ्यानं झालं नसतं. "स्टेशन," मी म्हटलं.

तिनं त्रिकोण दाबला. मथळ्याच्या पोटातून उभ्या ओळी बाहेर आल्या, पान भरलं. ती बोट ठेवून एकेक ओळ मराठीत सांगत गेली. प्लॅटफॉर्मच्या शेवटचा बाक. तिथं छप्पर संपतं, म्हणून कोणी बसत नाही. ती सफरचंद खाते. दोन गाड्या, म्हणजे वीस मिनिटं, जाऊ देते. समोरच्या घरातली एक बाई रोज त्याच वेळी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालते, पाऊस असला तरी. कोणी विचारत नाही, इतका वेळ कुठं होतीस. मग तिसरी गाडी दिसली की ती उठते.

एवढंच होतं. मी वाट बघत होतो माझ्या दोषांची. उत्तरं तयार ठेवली होती, एकेकाला दोन दोन. पण पानभर मजकुरात मी कुठंच नव्हतो. मथळ्यात मी, आत मी नाही. तिला माझ्यापासून वीस मिनिटं हवी होती आणि त्या वीस मिनिटांत तिनं मला आठवलंसुद्धा नव्हतं. शिव्या असत्या तर बरं झालं असतं.

"बास?" तिनं विचारलं.

"बास."

तिनं ते मिटलं आणि कॉम्प्युटर घेऊन आत गेली. मुलानं चहा केला. फार गोड झाला होता.

मंगळवारी ती घरून काम करत होती. दुपारी मला गरम पाणी हवं होतं आणि किटली चालू होत नव्हती. मी तिच्या खोलीपर्यंत गेलो. दार अर्धं उघडं होतं, आतून बटणांचा आवाज येत होता. या घरात आल्यापासून कुठल्या दाराला मी हात लावून थांबलो नव्हतो. माझ्या मुलाचं घर आहे. मी दार वाजवलं. आवाज थांबला.

"कोण?"

"मी."

"थांबा जरा," ती म्हणाली.

आयुष्यात मला घरात कोणी थांबा म्हटलेलं नाही, बायकोनंही नाही. परत फिरावं असं वाटलं. आत बटणं पुन्हा वाजू लागली, काहीतरी पुरं करत असावी. मी दारात उभा राहिलो.