पुढची थंडी तिकडं

पोलीस ॲक्शननंतरच्या चौथ्या वर्षी, शिवरात्र होऊन पाच दिवस झाले असताना, जमादारांना सकाळच्या गाडीने परभणी स्टेशनवरून मनमाडकडे नेण्यात आलं. बरोबर दोन शिपाई होते. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, दोन घोंगड्या आणि तांब्या. मनमाडहून मुंबई आणि मुंबईहून जहाजाने अरबस्तान, असा हुकूम होता.

त्यांना निरोप द्यायला आम्ही तिघं होतो. मी, गयाबाई आणि जिनिंगचा फिटर.

मी त्या काळात एका साप्ताहिकाला परभणीच्या बातम्या पाठवत असे. तेवढ्यावर भागत नव्हतं, म्हणून स्टेशनजवळच्या एका जिनिंग कारखान्यात कारकुनीही करत असे. जमादार तिथले चौकीदार. निजामाच्या अरब पलटणीत त्यांनी नोकरी केली होती, पण जमादार म्हणून नव्हे, साधे शिपाई म्हणून. जमादार हा हुद्दा त्यांना जिनिंगने दिला.

तुम्ही त्या वर्षांत आमच्या कारखान्याच्या अंगणात आला असता, तर त्यांना एकाच कामात पाहिलं असतं. गाड्या रिकाम्या होऊन कापसाचे ढीग लागले की ते बाही खांद्यापर्यंत सारायचे, ढिगात अख्खा हात घालायचे आणि डोळे मिटायचे. ओल्या कापसाचा ढीग आतून तापतो. बाहेरून काही दिसत नाही आणि एके दिवशी धूर निघतो. कारखान्यात याला काही यंत्र नव्हतं. जमादारांचा हात होता. थोड्या वेळाने हात बाहेर यायचा, दाढीला कापूस चिकटलेला असायचा आणि ते सांगायचे, "अजून थंड हाय."

ही हातोटी कुठली, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "अरबाचा हात हाय. वाळूत हात घालून आमी पाणी सांगतो."

थंडी त्यांना सोसत नसे. दिवाळीपासून अंगावर दोन घोंगड्या. माघ अर्धा झाला, कारखान्यामागच्या कडुलिंबाची पानं गळायला लागली की ते एक घोंगडी घडी करून पेटीत टाकायचे. शिवरात्रीला दुसरी. मग खाट उन्हातून झाडाखाली यायची. ज्वारी कापणीला आलेली असायची, गाड्या कमी झालेल्या असायच्या आणि दुपारी सगळ्यांनाच बोलायला वेळ असायचा. खाटेवर बसून ते दरवर्षी तेच म्हणायचे, "ही थंडी बी गेली. पुढची थंडी तिकडं."

तिकडं म्हणजे अरबस्तानाच्या दक्षिण किनाऱ्याचं हद्रमौत. मग त्यांचा मुल्क सुरू व्हायचा. या दिवसांत तिकडे खजुराला फूल लागतं. माणूस कमरेला दोर बांधून झाडावर चढतो आणि नराचं फूल मादीच्या फुलाला बांधून येतो. घरं मातीची, पण पाच-पाच मजली. वरच्या मजल्यावर बकऱ्या.

कापसातला कचरा वेचणाऱ्या बायकांची मुकादम गयाबाई. ती पोखर्णीची, जिभेला धार असलेली. ती ऐकत ऐकत कापूस झटकायची.

"किती मजली म्हणले, जमादार?"

"सात."

"गेल्या साली सहा व्हते. औंदा अजून एक चढवला म्हणा की."

"आमच्या मुल्कात बांधकाम थांबत न्हाई, बाई."

"आन् ठेचा मिळतो का तुमच्या मुल्कात?"

यावर ते दाढीला चिकटलेला कापूस काढायला लागायचे. ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा यांच्याशिवाय त्यांचा घास उतरत नसे. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. गयाबाई घरून दोन भाकरी जास्त आणायची आणि जास्त झाल्या म्हणून त्यांच्यापुढे ठेवायची.

एकदा ऐन हंगामात, दुपारी, त्यांनी ढिगातून हात काढला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. "आत गरम हाय," म्हणाले. मॅनेजर हसला, कारण ढीग वरून बर्फासारखा होता. जमादारांनी कुणाची वाट पाहिली नाही. फावडं घेऊन स्वतः ढीग फोडायला लागले. मग आम्ही सगळेच लागलो. मध्यावर पोचलो तेव्हा धूर आला आणि वारा लागताच जाळ. शेजारच्या शेडमध्ये दीडशेवर बायका काम करत होत्या. सगळ्या बाहेर आल्या. एक शेड जळाली, माणूस एकही नाही.

मी त्याची बातमी पाठवली. बारा ओळींची. त्यात एक वाक्य होतं, "सदर चौकीदार मूळचे हद्रमौतचे असून त्यांचा जन्मही तेथलाच आहे." माहिती त्यांनीच दिली होती. अंक आल्यावर मी त्यांना ती मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी ते वाक्य परत वाचायला लावलं. कात्री मागून घेतली, कात्रण कापलं आणि पेटीत ठेवलं.

पोलीस ॲक्शननंतर पलटणी मोडल्या. जमादारांचा खंजीर जमा झाला, कमरेचा पट्टा राहिला. बाकी त्यांच्या दिवसात फरक पडला नाही. मग त्या चौथ्या वर्षी, थंडी भरात असताना, अरबांना कचेरीत बोलावणं आलं. बाहेर जन्मलेल्यांनी आपल्या देशी परतावं. इथे जन्मलेल्यांनी तसा पुरावा द्यावा, म्हणजे राहता येईल.

गयाबाई म्हणाली, "घ्या जमादार. लय दिस म्हणत व्हते ना, पुढची थंडी तिकडं."

जमादार हसले नाहीत. त्या दिवशी ढिगातून हात काढल्यावर, ढीग कसा आहे, हे मॅनेजरला त्यांना विचारावं लागलं. संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी आले आणि उभेच राहिले.

"मुनशी, एक लिवायचं हाय."

"बोला."

"मी इथलाच हाय."

मला वाटलं, पुष्कळ वर्षं इथे राहिलो, असं त्यांना म्हणायचं असेल. मी तसं म्हटलं.

"न्हाई. राणीसावरगावात जलमलो. माय तिथलीच. मुल्क मी बघितला न्हाई."

मी विचारलं, मग आजवर जे सांगत होता ते?

"बाप सांगायचा ते सांगायलोय."

हे असं का, ते वाचकांना सांगायला हवं. अरब पलटणीत दोन तऱ्हेचे लोक असत. अरबस्तानात जन्मलेले ते विलायती. इथे, इथल्या आईच्या पोटी जन्मलेले ते मुवल्लद. विलायतीला मान जास्त, मुवल्लद रांगेत मागे. जेवायला बसतानाही मागे. जमादारांच्या वडिलांनी मुलाला भरती करताना जन्म हद्रमौतचा लिहवून घेतला. मुलगा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. त्याने मान डोलावली आणि पुढे पस्तीस वर्षं ते निभावलं. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, असं ते म्हणाले.

"कागद आहेत काही?" मी विचारलं.

"पेटीत हायेत."

"असतील तेवढे सगळे द्या," मी म्हणालो.

ही माझी चूक. कागद आधी पाहायला हवे होते. जमादारांना वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी कचेरीत नेली आणि होतं नव्हतं ते टेबलावर ठेवलं. पलटणीचा जुना दाखला होता, त्यात जन्म हद्रमौतचा. त्याखाली माझं कात्रण होतं. त्यांनी कारकुनाला आवर्जून सांगितलं, "ते बी घ्या. चालचलन चांगलं हाय म्हणून त्यात छापलंय." जन्माचं वाक्यही त्यातच आहे, हे त्या घाईत त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पुराव्याला दोन साक्षीदार हवे होते, पैकी एक नात्याबाहेरचा. मी राणीसावरगावला गेलो. गंगाखेडपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. जमादारांची मावशी हयात होती. घर पिंजाऱ्यांचं, ओट्यावर गादीचा कापूस पसरलेला. तिला एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने अंधुक दिसायचं. मी कोण, कशाला आलो, ते सांगितलं. तिला आधी हसू आलं.

"विलायती म्हणतो व्हय अजून? ह्याच खोलीत झाला. पिंजणीच्या आवाजात निजायचा. चालाया लागला तसा आज्याच्या कापसात हात घालून बसायचा, ओला का कोरडा सांगायचा. आजा म्हणायचा, हा पिंजारीच हुईल."

"कचेरीत येऊन हे सांगाल का, खालाबी?"

"येते की. पोरगं माझ्या बहिणीचं हाय."

गावात त्यांचा जन्म आठवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. जे होते ते म्हणाले, आम्ही ऐकून आहोत, तो अरबस्तानातला आहे. तो अधूनमधून गावाला यायचा तेव्हा हेच सांगायचा.

जमादारांनी दुसरा साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. मी वर्तमानपत्रात लिहितो, माझा शब्द वजनाचा आहे, असं त्यांचं मत होतं.

कचेरीत त्या सकाळी ऊन चढलं होतं. व्हरांड्यात आणखी चार-पाच अरब बसले होते, त्यांच्या जुन्या पलटणीतले. दार उघडंच होतं. साहेब बाहेरून बदलून आलेले, सौम्य बोलणारे. त्यांनी जमादारांना बसायला खुर्ची दिली.

"जन्म कुठला?"

जमादारांनी व्हरांड्याकडे पाहिलं नाही. "राणीसावरगाव," म्हणाले. आवाज लहान होता. साहेबांनी पुन्हा विचारलं. त्यांनी मोठ्याने सांगितलं आणि न विचारता आईचं नावही सांगितलं. बाहेरचं बोलणं थांबलं.

"या दाखल्यात वेगळं आहे."

"ते खोटं हाय."

"या बातमीतही वेगळं आहे."

"ते बी मीच सांगितलेलं. खोटं."

"कामून सांगितलं?" हे साहेबांपुढे कागद ठेवणाऱ्या पेशकाराने विचारलं. तो इकडचा होता.

"पुढं उभं ऱ्हायला मिळायचं."

मावशीची जबानी झाली. तिने खोली, पिंजण, आजोबा, सगळं सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि बाजूला टीप केली की साक्षीदार नात्यातली आहे, वयस्क आहे, दृष्टी अधू आहे. मग मला बोलावलं. शपथ झाली.

"ही बातमी तुम्ही लिहिली?"

"हो."

"जन्माची माहिती तपासली होती?"

"नाही. त्यांनी सांगितली तशी दिली."

"मग आता त्यांचा जन्म इथे झाला, हे तुम्हाला प्रत्यक्ष माहीत आहे?"

ऐकलेलं आणि पाहिलेलं यात फरक करायला मला वर्तमानपत्राने शिकवलं होतं. मी म्हणालो, "प्रत्यक्ष नाही. ऐकीव आहे."

साहेबांनी तो शब्द तसाच लिहून घेतला.

बाहेर आल्यावर मावशीला गाडीत बसवलं. व्हरांड्यातल्या ज्या अरबाने सकाळी जमादारांना सरकून जागा केली होती, तो पुन्हा पहिल्या जागी सरकला. आम्ही दोघं जिनिंगकडे चालत निघालो. रेल्वेफाटक बंद होतं, तिथे थांबलो. मी काहीतरी बोलायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "तुमी खरं तेच बोलले, मुनशी. खोटं मी बोललो व्हतो."

हंगामातला शेवटचा ढीग तेवढा राहिला होता. त्यांनी बाही सारली, हात घातला, सांगितलं, "थंड हाय," आणि चौकीवर जाऊन बसले.

हुकूम दहाव्या-अकराव्या दिवशी आला. जन्म भारतातील असल्याचं सिद्ध झालेलं नाही, एवढं एक वाक्य. मी दोन अर्ज लिहिले. त्यातल्या एकाला उत्तर आलं, विचार करता येत नाही असं. साप्ताहिकालाही मजकूर पाठवला. संपादकांनी कळवलं की आधीची बातमी आपलीच आहे, आता उलट कशी छापायची.

स्टेशनवर गयाबाईने भाकरी बांधून आणल्या होत्या. फडक्याच्या एका कोपऱ्यात ठेचा. शिपायाने विचारलं, "यात काय हाय?" ती म्हणाली, "उघडून बघा अन् डोळ्याला लावा." शिपाई हसला. जमादारही थोडे हसले. गाडी सुटेपर्यंत ते माझ्याशी कापसाबद्दल बोलत होते. पालमकडच्या गाड्यांवर लक्ष ठेवा, तिकडचे लोक वजनासाठी पाणी मारतात, नव्या चौकीदाराला सांगा, वरवर हात घालू नको, कोपरापुढे घाल. गाडी हलल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला नाही. शिपाई खिडकीकडच्या जागेवर बसला होता.

त्यानंतरच्या हंगामात दोन ढीग पेटले. जमादार असते तर पेटले नसते, असं गयाबाई म्हणायची. हे सिद्ध करता येत नाही.

ते गेल्यानंतर दीड वर्षाने राणीसावरगावच्या मावशीला एक पत्र आलं. तिने ते माझ्याकडे पाठवलं. उर्दूत होतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, हद्रमौतच्या मकल्ला बंदरातून. वडिलांच्या गावी जाऊन आलो, असं त्यात होतं. तिथे वडिलांचं नाव कुणाला माहीत नाही. घर दाखवायलाही कुणी नाही. बंदरावर गोण्या वाहतो. इथे एक वकील म्हणतो, हिंदुस्थानात जन्म झाल्याचा कागद, दोन साक्षीदारांच्या सहीचा, मिळाला तर परत जायचा अर्ज करता येईल. मावशीने अंगठा द्यावा. दुसरा साक्षीदार कुणी मिळाला तर पाहावं. मुनशींना सलाम.

मी पुन्हा राणीसावरगावला गेलो. गावच्या काझींनी कागद लिहिला. मावशीने अंगठा दिला. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी, सदर इसमाचा जन्म या गावी झाल्याचं मला प्रत्यक्ष माहीत आहे, असं वाक्य होतं. त्याखाली मी सही केली. माझं वय तेव्हा एकतीस होतं. जमादारांचं पन्नासच्या पुढे.

कागद रजिस्टरने पाठवला. पाच महिन्यांनी, पुन्हा थंडी संपत असताना, लखोटा परत आला. त्यावर एडनचा शिक्का होता आणि पत्त्यावर काट मारलेली होती. लाख तशीच होती. कुणी तो उघडला नव्हता.