पेटीच्या तोंडावरचं पान

संत्र्याची साल नखाने उचलली की जो तिखट, डोळ्यांत जाणारा वास सुटतो, त्याने मी अजून दचकतो. लोकांना त्या वासाने थंडीतलं ऊन आठवतं, मला बंद दार आठवतं. परवा नात ओट्यावर बसून संत्रं सोलत होती आणि सोबतीला मोबाइलवर बोट सरकवत होती. चित्रांच्या गोष्टींचं तिला भारी वेड. त्या मोबाइलात तिचे अड्डे ठरलेले आहेत. एका वेबसाइटवर जुन्या सिनेमांची पोस्टरं, दुसरीवर अंतराळातल्या वीरांवरून रोजची भांडणं, आणि तिसरी सगळ्यांत लाडकी. तिथे कुठले कुठले शौकीन लोक घरच्या पेटाऱ्यांतली जुनी कॉमिक्स काढून पान न् पान चढवतात. चौथी शिकलेल्या माणसाला त्यातलं काय कळतं, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. पण तिने बोट फिरवलं, पिवळ्या लुगड्यातली एक बाई समोर आली, आणि माझ्या हातातली फोड खाली पडली. ती बाई मी ओळखत होतो. तिने एका हिवाळ्यात माझ्या घरात मुक्काम केला होता.

सन ऐंशीच्या पुढची ती वर्षं. पांढुर्ण्यात आंबिया बहाराची संत्री उतरू लागली की सौंसरपासून बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरभरून येत, आणि साऱ्या गावाच्या बोटांना पिवळा रंग चढे. संत्र्याच्या पेटीलाही तोंड असतं, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. दिल्लीचा व्यापारी झाकण उचकटतो तेव्हा त्याची पहिली नजर वरच्या थरावर पडते. म्हणून खालचा माल भाताच्या तणसात आणि साध्या अखबारात, आणि तोंडावरचा थर गुळगुळीत रंगीत कागदात, अशी आमच्या पेट्या भरायच्या वखारीतली रीत. रद्दीची पोती यायची, त्यातून रंगीत पानं निवडून वेगळी करायची. ते बसल्या जागचं काम त्या वर्षी माझ्या बायकोला दिलं होतं, कारण तिचे दिवस भरत आले होते. झाकणावर खिळे ठोकणं माझ्याकडे. ती सातवी शिकलेली. निवडता निवडता वाचायची आणि डब्याच्या वेळी बायांना गोष्टी सांगायची. सगळ्या हसायच्या, आणि ठोकता ठोकता मीही कान देऊन असायचो.

त्या दिवशी तिच्या हाती एक हिंदी कॉमिक लागलं, शिवण उसवलेलं, पानं सुटी झालेली. गोष्टीतली बाईही पोटुशी. नवरा बाजाराला गेलेला. तिन्हीसांजेला दारावर थाप पडते आणि बाहेरून नवऱ्याच्याच आवाजात हाक येते. बाई खिडकीतून पाहते, तर अंगणात माणूस उभा आहे पण त्याची सावली पडलेली नाही. पुन्हा हाक येते. बाई कडीकडे हात नेते. पुढचं पान नव्हतं. ते कोणाच्या तरी हातून एखाद्या संत्र्याभोवती गुंडाळून पेटीच्या तोंडावर गेलं होतं, आणि त्या पेटीवर माझे खिळे बसले होते.

ती लवकर घरी गेली, मी दिवेलागणीला पोचलो. रोजच्यासारखी हाक दिली. आत बांगड्या वाजल्या, पण कडी निघाली नाही. मी पुन्हा हाक दिली तसा बांगड्यांचा आवाजही थांबला. आपल्याच दारात उभं राहून आपल्याच आवाजाची भीती वाटणं काय असतं, ते मला त्या संध्याकाळी कळलं. मी खाली पाहिलं. अंधार पडलेला, सावली कुठून दिसणार? शेवटी शेजारच्या मावशीने आवाज दिला तेव्हा दार उघडलं. मग हे रोजचंच झालं. तिने जेवण सोडलं, डोळे आत गेले. आमचं पहिलं लेकरू पाळण्यात निजण्याआधीच गेलं होतं, आणि आता हे दुसरं पोटातल्या पोटात उपाशी. मावशी म्हणाली, भगताकडे ने. मी म्हटलं, हे बौद्ध दीक्षा घेतलेलं घर आहे, भूतखेत आम्ही मानत नाही. ताठ मानेने बोललो खरा, पण जीव थाऱ्यावर नव्हता. ज्याला मानत नाही त्याला भिण्याची सोयही नसते. भीती तशीच गिळावी लागते.

एकच उपाय सुचला, ते हरवलेलं पान शोधून तिला शेवट दाखवायचा. वॅगन लागेपर्यंत पेट्या स्टेशनच्या मालधक्क्यावर पडून असत. भर दुपारी मी तिला सांगून, खिळे उपटायचा जंबूर घेऊन तिथे गेलो आणि मुकादमाला म्हटलं, चार झाकणं खोलून पाहू दे, परत ठोकून देतो. माझ्या घरची गोष्ट गावभर झालीच होती, हमालांमध्ये हसू पिकलं.

"तुह्या घरी भूत शिरलं तं माह्या पेट्या कायले खोलतं, बावा?" मुकादम म्हणाला. "व्यापारी उद्या माल वापस करन, मंग त्याले कोण समजावन, तुही बायको?"

मी हात जोडले नाहीत. तो माझा स्वभाव नव्हे. पण वॅगनची दारं बंद होईपर्यंत तिथून हललोही नाही. गाडी तिगावच्या बाजूने निघून गेली, आणि ती पिवळ्या लुगड्यातली बाई कडीपर्यंत हात नेऊन तशीच दिल्लीला गेली.

घरी आलो. दार बंद. मी हाक दिली, आणि पहिल्यांदाच आतून शब्द आला.

"पान भेटलं काय?"

"भेटलं."

"मंग सांगा, काय झालं तिचं?"

मी जन्मात गोष्ट रचली नव्हती. बंद फळीला कपाळ टेकवून म्हटलं, तिनं दार उघडलं. बाहेर तिचाच नवरा होता. सावली दिसली नाही कारण आभाळ आलं होतं. त्याच्या खिशात दोन संत्री होती, त्यानं तिले सोलून देली आणि तिनं खाल्ली.

आत बांगड्या दाराजवळ आल्या. मग तिने विचारलं, "लुगडं कोणत्या रंगाचं होतं तिचं?"

"हिरवं," मी म्हणालो.

कडी निघाली. दारात उभी राहून ती हसत होती, कितीतरी दिवसांनी.

"साऱ्या पुस्तकात ती पिवळ्या लुगड्यात हाय," ती म्हणाली. "भूत असतं तं त्यानं रंग बरोबर सांगतला असता. असं ठासून चुकीचं तुमीच सांगता."

त्या दिवशी ती भाकर खाऊन निजली. पुढे लेक झाली, धडधाकट. ओट्यावर संत्रं सोलत बसलेली ही तिचीच मुलगी.

नात म्हणाली, "आबाजी, शेवटचं पान हाय, पाहता काय?" मी नको म्हटलं, पण मान वळवली नाही. दार उघडलं काय तिनं, एवढंच विचारलं.

"नाही न. कडीवरचा हातच मोठा करून दाखवला. खाली लिहिलं, शेष अगले अंक में."

पुढचा अंक कोणाकडेच नाही म्हणे. पानाखाली लोकांची रांग आहे, कोणाला भेटला तर सांगा म्हणून वर्षानुवर्षं विचारून राहिले. मी ऐकलं आणि मालधक्क्यावरची ती दुपार पुन्हा समोर उभी राहिली. मुकादमाचं मन पाघळलं असतं, मी झाकण उचकटलं असतं, ते पान हाती लागलं असतं, तर मी त्या बंद दाराशी काय घेऊन गेलो असतो? कडीवरचा तो हात. आणि खरं सांगण्याचा माझा हट्ट तर सगळ्या गावाला माहीत.

नातीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, इथे खाली लिहू काय, लोक वाट पाहून राहिले. लिही म्हटलं.

"लुगडं कोणतं लिहू? पिवळं?"

"हिरवं."

"लोक चूक काढतील, आबाजी."

"काढू दे."

तिने लिहिलं. आता माहीत नाही कुठल्या गावांतले लोक ते वाचत असतील. मावशी गेली, मालधक्क्यावरची ती माणसं पांगली, आणि माझी बायको दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. तिन्हीसांजेला कडी आता मी लावतो. फळीपाशी थोडा वेळ उभा राहतो, कान देऊन. भूतखेत मी आजही मानत नाही. पण तिच्या आवाजात हाक आलीच, तर आतून काय विचारायचं ते ठरवून ठेवलं आहे.