भाऊंचं नाव असलेली बातमी

भाऊंचा चष्मा कपाटातच असायचा. पेपर त्यांना ऐकायचा असे, तोही जिल्ह्याच्या पानावरचा, त्यांचं नाव आलं असेल तेवढाच. ते कुठल्याच पदावर नव्हते. पण त्यांच्या ओसरीवर चहा घेतल्याशिवाय आमच्या भागात कुणाला तिकीट मिळत नसे.

रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचं काम मी धरलं ते आईच्या खोकल्यासाठी. घुग्घुसमध्ये आमच्या वस्तीसमोरून कोळशाचे ट्रक धूळ उडवत जातात. त्यांवर ताडपत्री टाका, रस्त्यावर पाणी मारा, एवढंच आमचं मागणं. बाबांनी त्यावर पत्रकं काढली. त्यांच्या घड्या घालताघालताच मी वाचायला शिकले. ती पत्रकं भाऊंच्या ओसरीपर्यंत कधी पोचली नाहीत. मी पोचले.

पण धुळीची बातमी वाचायला घेतली की भाऊ हात हलवत. "पुढं चल पोरी. मायं नाव कुठी आलं?"

"फोटो आला जी भाऊ," शेजारचा कार्यकर्ता म्हणे, "पण पोट नाई मावलं त्यात." भाऊच सगळ्यांत मोठ्यानं हसत.

शेवटी धुळीची बातमी मीच लिहिली आणि वार्ताहराला देताना तिच्यात एक ओळ घातली : 'भाऊंनी या प्रश्नाची गंभीर दखल घेतली आहे.' ती जशीच्या तशी छापून आली. भाऊंनी ती शेवटपर्यंत ऐकली, पुन्हा वाचायला लावली.

"मग भाऊ, पाणी कधी मारतील?"

"अवो, दखल घेतली म्हणते ना पेपरवाला! झालं ना काम."

"तुम्ही नाई घेतली. मी लिहिलं ते."

भाऊ हसले. "बढिया लिवतं तू. रोज एक लिवत जाय."

संध्याकाळी वस्तीच्या तोंडावर फ्लेक्स लागला. हात जोडलेले भाऊ, खाली 'समस्त वस्तीकडून आभार'. आईनं तोंडाला पदर लावून तो वाचला. "मले तं कोनी विचारलं नाई वो," ती म्हणाली आणि खोकत आत गेली.

काम सोडावं, तर ओसरीवर धुळीचं नाव काढणारं कुणी उरत नाही. राहावं, तर रोज नवी दखल लिहायची.

बाबांनी पत्रकाचा कोरा कागद पुढे ठेवलाय. पहिली ओळ ठरलेली आहे : भाऊंनी दखल घेतल्याची बातमी खोटी आहे, आणि ती मी लिहिली. खाली सही माझीच. सकाळी हे पत्रक त्यांना वाचून दाखवीन. ऐकतील. नाव आहे त्यांचं त्यात.